बहार, अकोला

“बहार, अकोला,” असं म्हणून मी कागद सगदेवांच्या टेबलावर सरकवला. “अमरावतीहून आहे. जरुरीची.”

कमलाकांत सगदेवांनी मान वर केली नाही. डाव्या हातानं पाकीट ओढलं, टाक दौतीत बुडवला आणि पुटपुटत पत्ता लिहून टाकला : नत्थुजी निमकर्डे, संत्र्याचे व्यापारी, जठारपेठ. तार पाकिटात गेली आणि पाकीट जानराव तारवाल्याच्या पिशवीत. भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा दहा वाजून सात मिनिटं झाली होती.

एकोणीसशे अठ्ठावन्नचा फेब्रुवारी होता. आमचं ते तार ऑफिस आता तिथे नाही. मी यंत्रावर बसायचो. कडकट्ट आवाज ऐकायचा आणि अक्षरं कागदावर उतरवायची, एवढंच माझं काम. माझ्या शेजारच्या टेबलावर सगदेव. त्यांच्याकडे संक्षिप्त पत्त्यांची नोंदवही असे.

आज कुणाला हे सांगावं लागतं म्हणून सांगतो. तारेत एकेक शब्द मोजून घेत, पत्त्यातलासुद्धा. मग व्यापारी लोक वर्षाची फी भरून आमच्याकडे एक शब्द आपल्या नावावर नोंदवून ठेवत. कलकत्त्याच्या अडत्यानं तारेवर ‘बहार, अकोला’ एवढे दोनच शब्द घातले तरी भागत असे. हा बहार म्हणजे कोण, त्याचं घर कुठे, रात्री आलेली तार कुठे द्यायची, रविवारची कुठे, हे सगळं आमच्या नोंदवहीत असे. माणसानं घर बदललं तर त्यानं फक्त आम्हाला येऊन सांगायचं. तार करणाऱ्याला काही कळण्याची गरजच नाही. तो आपला तोच शब्द घालणार आणि पुढचं आम्ही पाहणार. सगळा कारभार आमच्यावर विश्वास टाकून चालायचा.

त्या वहीत तीनशेबारा नावं होती आणि सगदेवांना ती सगळी पाठ होती. त्यांचे वडील वामनराव मूर्तिजापूरचे भिक्षुक. हातात पोथी धरून मंत्र म्हणणाऱ्याला ते भिक्षुक मानतच नसत. पोराला सहाव्या वर्षी समोर बसवलं ते चौदाव्या वर्षापर्यंत उठू दिलं नाही. पुढे पोरगा मॅट्रिक झाला, सरकारी नोकरीत शिरला आणि बापानं त्याच्याशी बोलणं टाकलं. पण ती घोकंपट्टी सगदेवांच्या अंगात मुरली होती. वही उघडणं त्यांना कमीपणाचं वाटे. तपासणीला साहेब आले की आमचे पोस्टमास्तर बापूसाहेब मुद्दाम वही बंद करून म्हणत, “विचारा साहेब, कोणतंही नाव विचारा.” सगदेव डोळे मिटून नाव, गाव, पेठ, रात्रीचा पत्ता, रविवारचा पत्ता घडाघडा म्हणून दाखवत. आम्हीही छाती फुगवून उभे राहत असू, जसं काही ते आम्हीच म्हटलं.

साडेअकराला जानराव परत आला. “बाबू, बहारवाल्याच्या घराले कुलूप हाय.”

“बाजारात असतील. संत्र्याचे दिवस आहेत. दुपारच्या फेरीत पुन्हा नेजो.”

जानरावनं पाकीट कप्प्यात ठेवलं आणि तो दुसऱ्या तारा घेऊन गेला. त्या पाकिटात काय आहे ते मला ठाऊक होतं. मीच तर उतरवलं होतं. “सिंधू अत्यवस्थ, ताबडतोब या.” खाली जावयाचं नाव. पण दिवसाला अशा पाचसहा तारा माझ्या हाताखालून जात. कुणाचा बाप गेलेला असे, कुणाला मुलगा झालेला असे. प्रत्येक तारेला थांबत बसलो असतो तर यंत्रावर बसणं जमलंच नसतं. असं मी स्वतःला सांगत असे, अजूनही सांगतो.

चार वाजता जानराव दुसऱ्यांदा परत आला. टोपी काढून घाम पुसत म्हणाला, “बाबू, शेजारची बाई भेटली. ते लोक तं संक्रांतीलेच गेले म्हने मोर्णेपल्याड. बायापूर रोडनं बाडीत घर बांधलं ना त्याइनं.”

सगदेवांचा टाक हातातच राहिला. त्यांनी वही ओढली, पान उघडलं. मी उठून त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. ‘बहार’च्या ओळीत जठारपेठेवर तांबड्या शाईनं सरळ रेघ मारलेली होती आणि वर सुरेख अक्षरात मोर्णा नदीपलीकडचा नवा पत्ता होता. अक्षर सगदेवांचंच. तारीख वीस जानेवारी. नत्थुजींनी रीतसर अर्ज दिला होता, सगदेवांनी रीतसर नोंद केली होती आणि ती पुन्हा पाठ करायचं राहून गेलं होतं. एवढंच काय, वास्तू झाली म्हणून नत्थुजींनी ऑफिसात टोपलीभर संत्री पाठवली होती. ती आम्ही सगळ्यांनी खाल्ली. मीही चार खाल्ली होती. सकाळी ते पाकीट माझ्या डोळ्यांसमोर लिहिलं गेलं, तेव्हा मला तरी कुठे आठवलं?

सगदेवांनी पाकीट घेतलं, जानरावच्या हातून सायकल घेतली आणि कोट खुर्चीवरच टाकून निघाले. पन्नाशीला टेकलेला माणूस, धोतर खोचून भर बाजारातून सायकल मारत गेला. लोकांनी वळून पाहिलं असणार.

पुढचं मला जानरावनं सांगितलं. तोही दुसरी सायकल घेऊन मागोमाग गेला होता. नत्थुजी वांग्यांना पाणी देत होते. अडत्या झाले तरी बाडीतलं काम त्यांनी कधी सोडलं नाही. जातीचे माळी, ते कसं सोडतील? सगदेवांनी तार वाचून सांगितली. नत्थुजींनी बायकोला हाक मारली, “पार्बते, चाल लवकर, सिंधूचं बरं नाई,” आणि धोतराला हात पुसून पावतीवर सही केली. निघता निघता त्यांनी सगदेवांना पाण्याचा तांब्या दिला. म्हणाले, “तुमी सोता आले बाबू! तारवाल्याले नाई धाडलं, तुमी सोता आले!” सगदेवांनी तांब्या घेतला. पाणी प्यायले की नाही ते जानरावला आठवत नव्हतं.

पावतीवर वेळ होती चार वाजून पंचेचाळीस. नत्थुजी आणि पार्बताबाई सहाच्या गाडीनं बडनेऱ्याला आणि तिथून अमरावतीला गेले. सिंधू साडेपाचलाच गेली होती. तिचं ते पहिलंच बाळंतपण. आठवा सरला की तिला माहेरी आणायची, नव्या घरात, म्हणून तर नत्थुजींनी घाईघाईनं घर पुरं केलं होतं. पण आठव्यातच काहीतरी बिघडलं. मुलगी वाचली, आई गेली. शुद्धीत होती तोवर ती ‘बाबा आले का’ एवढंच विचारत होती, असं जावयानं सांगितलं. सकाळी तार वेळेवर मिळाली असती तर नत्थुजींना बाराची पॅसेंजर सापडली असती आणि ते चारच्या आत तिच्याजवळ असते. हे गणित ऑफिसात प्रत्येकानं मनात केलं. बोललं कुणीच नाही.

बापूसाहेबांनी सगदेवांना आत बोलावलं. मीही होतो. बापूसाहेब वाईट माणूस नव्हते. दार लोटून हळू आवाजात म्हणाले, “हे पाहा सगदेव, तो काही विचारत नाही, तक्रार करत नाही. त्याला वाटतं, लाइन खराब होती. वाटू द्या. तुम्ही सांगून त्याची पोरगी परत येणार आहे का?”



मीसुद्धा म्हणालो, “सगदेव, घरी चार पोरं आहेत तुमची. कशाला उगाच?” खोटं कशाला सांगू? माझ्या मनात त्यांची पोरं होती तसा मीही होतो. चौकशी झाली असती तर शेजारी बसणाऱ्यालाही विचारलंच असतं.

तेरावा झाल्यावर नत्थुजी ऑफिसात आले. डोकं भादरलेलं, अंगात स्वच्छ सदरा. खिडकीपाशी न थांबता सरळ आत आले आणि सगदेवांच्या टेबलासमोर हात जोडून उभे राहिले.

“बाबू, तुमचे उपकार झाले. मी साऱ्या गावाले सांगून राहिलो, का तारबाबू सोता सायकल मारत आला म्हनून. नाईतर कोन कोनासाठी येते? तार उशिरा आली, त्याले तुमी काय करान? लाइन खराब असंन. माही पोरगीच गेली, तिचं आयुष्य तेवढंच होतं.”

मी यंत्राकडे पाहत बसलो. यंत्र त्या वेळी गप्प होतं. एखादी तार यावी, खडखडाट सुरू व्हावा, असं मला फार वाटलं.

“बसा, नत्थुजी,” सगदेव म्हणाले. स्वतः मात्र उभे राहिले. “ती तार आहे तुमच्याजवळ?”

“हाय ना.” नत्थुजींनी खिशातून चौघडी घातलेला कागद काढला. तो ते जवळच बाळगत होते.

सगदेवांनी कागद उलगडून टेबलावर ठेवला आणि वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “हे इंग्रजीत लिहिलं आहे. ही वेळ आहे. ही तार आमच्याकडे दहा वाजून पाच मिनिटांनी आली. सकाळी. लाइन चांगली होती. यंत्रावरच्या या गोवर्धननं तार घेतली आणि माझ्याकडे दिली. पत्ता मी लिहिला. तुम्ही पत्ता बदलून गेला होता, मीच वहीत तो बदलला होता. पण वही न पाहता मी जठारपेठच लिहिली. जानराव दोनदा तिथेच गेला. मी सायकलवर आलो तो चूक झाली म्हणून आलो. उपकार म्हणून नाही.”

बापूसाहेब दारात येऊन उभे होते. नत्थुजी त्या बोटाखालच्या आकड्याकडे पाहत राहिले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी पाहत राहिले.

“किती वाजता म्हनता?”

“दहा वाजून पाच.”

“मंग मले बाराची गाडी भेटली असती.”

“हो.”

“सिंधू तवा बोलत होती.”

सगदेवांनी मान हलवली.

नत्थुजी ओरडले नाहीत की रडले नाहीत. त्यांनी कागदाची घडी घातली, पूर्वी होती तशीच चौघडी, आणि उठले. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, “काहून सांगतलं बाबू? मी तं तुमाले देवमानूस समजून राहिलो होतो.”

हे ते रागानं म्हणाले नाहीत, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. सगदेव उभेच होते. नत्थुजी गेल्यावरही बराच वेळ उभे होते.

दुसऱ्या दिवशी सगदेवांनी आपणहून लेखी कबुली दिली. वरून चौकशी झाली, ठपका आला, बढती अडली. बापूसाहेब काही दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाहीत. ते सगळं यथावकाश निवळलं, पण सगदेव निराळे झाले. आता कोणतीही तार आली की ते वही उघडत, ओळीखाली बोट धरत, एकेक शब्द वाचत आणि मगच पाकीट लिहीत. दिवसात दहा वेळा ज्याची तार यायची त्या गिरणीवाल्याचंही तेच. व्यापारी कुरकुरत, जानराव पाय आपटत उभा राहायचा. नव्यानं आलेले साहेब एकदा हसून म्हणाले, “सगदेव, तुमच्या पाठांतराची फार ख्याती ऐकली होती.” सगदेव म्हणाले, “ते आता नाही साहेब.” एकदा त्यांच्या घरी गेलो असताना कुंदावहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, “भाऊजी, ऑफिसात काही झालं का? हे आताशा संध्यासुद्धा पुस्तकात पाहून करून राहिले. सासरे असते तर घराबाहेर काढलं असतं.” मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

‘बहार’ची मुदत पुढच्या फेब्रुवारीत संपत होती. नत्थुजी ती पुढे चालवणार नाहीत याविषयी आमच्यापैकी कुणालाच शंका नव्हती. एक तेल्हाऱ्याचा व्यापारी तर त्या शब्दावर डोळा ठेवूनच होता. पण मुदतीच्या दिवशी सकाळी नत्थुजी आले. या वेळी खिडकीपाशीच उभे राहिले.

“नाव चालू ठेवा लागते,” ते म्हणाले. “नात तिच्या बापाजवळ अमरावतीले हाय. जावयानं दुसरं लगन केलं. उद्या पोरीचं काई दुखलं-खुपलं तं तार येईन. मले भेटली पायजे.”

सगदेवांनी वही उघडली.

“वाचून दाखवा,” नत्थुजी म्हणाले.

सगदेवांनी ओळीखाली बोट धरून वाचलं. नाव. बाळापूर रस्ता, मोर्णेपलीकडे, निमकर्डे यांची बाडी. रात्री आल्यास तेथेच. रविवारी व सणावारी तेथेच.

“आखीन एकदा.”

त्यांनी पुन्हा वाचलं. नत्थुजींनी सही केली आणि ते गेले. दरवर्षी हेच झालं. नत्थुजींचा पुतण्या सहदेव पुढे धंदा पाहू लागला, अडत, वॅगनी, सगळं त्याच्याकडे गेलं. पण या एका कामाला नत्थुजी स्वतः येत. नमस्कार नाही, चौकशी नाही. वाचून दाखवा, आखीन एकदा, सही. त्यांच्या मनात सगदेवांविषयी राग होता की आणखी काही, हे मला कधी कळलं नाही. सगदेवांना मात्र त्या दिवसाची धास्ती असे. आदल्या दिवसापासून ते कमी बोलत. वर्षा-दोन वर्षांनी अमरावतीहून एखादी तार येई, पोरीला गोवर आला, पोरगी शाळेत पहिली आली. ती तार सगदेव वही पाहून पाकिटात घालत आणि जानरावला म्हणत, “हातातलं सोडून आधी ही दे.” जानराव मुकाट्यानं जाई.

सदुसष्टच्या मार्चअखेर सगदेव निवृत्त होणार होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. वही आता नाकाशी न्यावी लागे. बदलीवर एक तरुण कारकून येऊन बसला होता, पण वही अजून त्यांच्याकडेच होती. फेब्रुवारीत नत्थुजी आले. काठी टेकत आले आणि त्या दिवशी, नऊ वर्षांनी पहिल्यांदा, खिडकी सोडून आत आले. सगदेवांच्या समोरच्या खुर्चीवर बसले.

“चालले म्हने तुमी.”

“हो. मार्चअखेर.”

“डोयाले काय झालं?”

“पडदा आला आहे. उन्हाळ्यात कापून घेईन.”

सगदेवांनी वही ओढली, पान काढलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोकं खाली घातलं. ओळ सापडेना. बोट एकदा वरच्या ओळीवर गेलं, एकदा खालच्या. मी उठून मदतीला जाणार होतो, तेवढ्यात नत्थुजींनी हात पुढे करून वहीवर ठेवला. मातीचं काम करून भेगाळलेला हात.

“राहू द्या, बाबू,” ते म्हणाले. “वही राहू द्या. तोंडानंच सांगा. तुमाले तं पाठ हाय.”

ऑफिसात तेव्हा आठजण होतो. नवा कारकून सोडला तर प्रत्येकाला कळलं की काय झालं. मी मनात म्हणालो, म्हणा सगदेव, म्हणून टाका. दोन ओळींचं तर आहे. तो माणूस तुम्हाला मोकळं करून राहिला.

सगदेवांनी नत्थुजींकडे पाहिलं. त्यांना किती दिसलं कुणास ठाऊक. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी नत्थुजींचा हात दोन्ही हातांनी धरून हळूच बाजूला केला, वही उचलून खिडकीच्या उजेडात नेली आणि अगदी डोळ्यांशी धरली. ओळ सापडायला बराच वेळ लागला. नत्थुजी काठीवर हनुवटी टेकून बसून राहिले. कुणी घाई केली नाही.

“निमकर्डे,” सगदेवांनी वाचायला सुरुवात केली, “नत्थुजी. बाळापूर रस्ता, मोर्णेपलीकडे...” शेवटच्या शब्दापर्यंत त्यांनी वाचलं. आणि कुणी सांगितलं नव्हतं तरी पुन्हा एकदा, पहिल्यापासून.

“बरोब्बर हाय,” नत्थुजी म्हणाले आणि सहीसाठी टाक मागितला.